धैंचा मीठ पितो, आणि मग?

"खारवट जमीन? चिंता सोडा! धैंचा पेरा, तो जमिनीतलं मीठ पिऊन टाकतो, एका हंगामात रान गोडं. जोडीला एकरी चार पोती जिप्सम. पानं पिवळी पडली तर युरिया. आपल्याच रानातलं बेणं धरत गेलात तर तीन वर्षांत ऊस खाऱ्याला सरावतो."

हा फॉरवर्ड पंधरा दिवसांत मला तिघांकडून आला. एक इंदापूरचा चुलतभाऊ, ज्याचं दीड एकर खरंच पांढरं पडलंय. दुसरी सदाशिव पेठेतली मावशी, जिचं सगळं रान म्हणजे गच्चीवरच्या बावीस कुंड्या. तिसऱ्याकडे जमीनच नाही, पण पुढे ढकलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. भावाने विचारलं, "तू बॉटनी शिकलास ना, खरंय का रे हे?" दादाला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी धैंचा, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. धैंचा हे हिरवळीचं खत, म्हणजे पेरून आपण तो जमिनीतच गाडतो. दीड-दोन महिन्यांचा झाला की नांगराखाली. मग त्याने मीठ प्यायलं असं धरलं, तरी ते गेलं कुठे? होतं तिथेच. बरं, कापून बांधाबाहेर नेला असं समजा. एकराच्या वरच्या फूटभर थरात साधारण सोळा लाख किलो माती असते. तीत नुसते पाव टक्का क्षार धरले तरी चार टन झाले. धैंच्याचं वाळलेलं वजन एकरी दोन टन धरा आणि अगदी उदार होऊन त्यात पाच टक्के मीठ धरा, तर १०० किलो निघालं. आता विहिरीचं पाणी बघू. विद्युत वाहकता (खारेपणाचं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) १ असलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याची दोन इंचांची एक पाळी म्हणजे एकरी दोन लाख लिटर, म्हणजे जवळपास १२८ किलो मीठ. धैंच्याने महिनोन्महिने राबून जे नेलं, त्याहून जास्त तुम्ही एका पाळीत परत आणून ओतलं. आणि उसाला वर्षात अशा पाळ्या किती होतात ते दादाला मी सांगायची गरज नाही.

तरी धैंचा पेरावाच, कारण वेगळं आहे. त्याच्या मुळांच्या श्वासातून आणि गाडल्यावर कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं तयार होतात. आपल्या काळ्या रानात चुनखडी असतेच. ती थोडी विरघळते, कॅल्शियम मोकळं होतं आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं. सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो, अर्थात खाली जायला वाट असेल तर.

मुळात झाड मीठ सोसतं ते स्वतःचा जीव वाचवायला. तुमची जमीन सुधारायचं कंत्राट त्याने घेतलेलं नाही. खाऱ्या मातीत पाणी असूनही मुळांना ओढता येत नाही; म्हणून पेशी प्रोलिन, ग्लायसिन बीटेन असली द्रव्यं साठवून आपली ओढ वाढवतात. मुळांच्या पेशी सोडियम परत मातीत ढकलतात. आत शिरलेला पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, कोंडतात, म्हणजे बाकीचा कारभार चालू राहतो. खाडीतलं तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. पान चाटून बघा, खारट लागतं. मंडईतून चाकवताची जुडी आणली तर कोवळ्या पानांवर पिठूळ थर दिसतो, ते बारीक फुगीर केस असतात. त्याच कुळातल्या ॲट्रिप्लेक्समध्ये अशाच फुग्यांत मीठ भरलं जातं. फुगे फुटतात, पानं गळतात आणि मीठ त्याच झाडाच्या बुडाशी पडतं!

जिप्समचं म्हणाल तर ते औषध चोपण, म्हणजे सोडियम चिकटून बसलेल्या जमिनीचं; त्यातलं कॅल्शियम त्या सोडियमला हटवतं. क्षारयुक्त आणि चोपण हे दोन वेगळे आजार आहेत, फॉरवर्डने दोन्हींना एकच चिठ्ठी लिहून दिली. क्षारयुक्त जमिनीत वाहकता ४ च्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असतो. चोपणमध्ये सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त (कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या वर; पावसात चिखल पायाला सोडत नाही, उन्हात ढेकूळ फुटत नाही. पहिल्या प्रकारात जिप्सम टाकणं म्हणजे मिठात आणखी मीठ. दुसऱ्यात किती टाकायचं ते माती तपासल्यावर ठरतं, "चार पोती" हा आकडा कुणाच्याही रानाचा नाही.

पिवळेपणाला युरिया हा तर सगळ्यात महागडा सल्ला. अशा जमिनीत कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, तर तो बहुधा केवडा, म्हणजे लोहाची उपासमार. लोह मातीत भरपूर असतं, पण सामू एकाने चढला की त्याची विद्राव्यता हजारपटीने घसरते. गवतवर्गातली पिकं मुळांतून एक खास द्रव्य सोडून लोह पकडून आणतात, भुईमुगासारखी मुळांभोवती आम्ल सोडतात. चुनखडीपुढे दोघांचीही दमछाक होते. त्यात नत्र ओतून काय साधणार?

आणि बेण्याचा सराव! ऊस टिपरीपासून लावतात. नवं टिपरू म्हणजे जुन्याच उसाचा तुकडा, वाण तोच, गुण तेच. निवडीला वावच नाही. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी केआरएल २१० हा गहू दिला, तो संकर आणि निवड करून. उसाचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या पुढे उत्पन्न घटू लागतं ती मातीची वाहकता, १.७ च्या आसपास, कापसाचा ७.७. ही दरी तीन वर्षांच्या सवयीने बुजत नाही.

गंमत म्हणजे हे दुखणं नवं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान (पिंपळे सौदागर खेडं होतं तेव्हा त्याचा अभ्यास करणारे तेच) १९१० च्या सुमारास नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनी तपासत होते. कालव्याचं पाणी आलं, निचरा आला नाही.

दादाला म्हटलं, आधी मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना दे, मग निचऱ्याचा चर कुठे काढायचा ते बघू, धैंचा त्यानंतर. तो म्हणाला, "चराचं पाणी सोडू कुठं? खालचं रान दुसऱ्याचं आहे." हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि फॉरवर्डमध्ये त्याला एक ओळही नाही.

मावशीचं काम सोपं निघालं. तिच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलाय. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, आणि तेच पाणी ती वर्षभर मोगऱ्याला देत होती. आता पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवणार म्हणते.