एक स्टार दिलेल्या काकांना बेळगावातल्या कॉम्प्युटर दुकानातून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ‘९५० रुपयांचं अँटीव्हायरस गळ्यात मारलं, लॅपटॉपची बैलगाडी झाली, महिन्याच्या आत व्हायरस आला, आणि हे सगळं आपल्या मराठी माणसाच्या दुकानात’ असं तुम्ही लिहिलंय. यातल्या पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत.

लॅपटॉप मंदावला तो आमच्यामुळेच. नवीन घेताना त्यात आलेलं ट्रायल अँटीव्हायरस मुदत संपली तरी आतून चालूच होतं. आमच्या मुलानं ते न काढता वर दुसरं चढवलं. एकच फाइल दोघं तपासायला लागल्यावर चार जीबी रॅमनं करायचं तरी काय? शिवाय तुमचं काम म्हणजे मेल, बँक आणि नातवंडांचे फोटो. त्याला विंडोजमधलाच फुकटचा डिफेंडर पुरतो, हे मी काउंटरवर असतो तर सांगितलं असतं. दुसरं अँटीव्हायरस घातलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणजे तुम्ही पैसे देऊन गेटवरचा वॉचमन बदलला एवढंच. ९५० रुपये परत घेऊन जा. बिल हरवलं असलं तरी चालेल.

व्हायरसचं मात्र ऐका. तुम्ही परत आलात त्या दिवशी मी स्वतः मशीन उघडलं होतं. अँटीव्हायरसच्या हिस्ट्रीत रविवारी रात्री संरक्षण बंद केल्याची नोंद आहे. डाउनलोडमध्ये ‘सगळे मराठी फॉन्ट फुकट’ अशी झिप फाइल होती, तिला पासवर्ड होता, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं की सेटअप चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. पासवर्डची झिप उघडेपर्यंत आत काय आहे ते कुठल्याच अँटीव्हायरसला दिसत नाही. उघडल्यावर दिसलं असतं, पण तेव्हा ते बंद होतं की ओ! घरात कुणी केलं ते मी विचारत नाही. पत्रिका, बॅनरवाली पोरं हा उद्योग रोज करतात आणि मशीन घेऊन आमच्याकडेच येतात. मराठी फॉन्ट हवे तर युनिकोडचे कितीतरी चांगले फॉन्ट अधिकृतपणे फुकट मिळतात, या, घालून देतो, त्याचे पैसे नाहीत.

आणि तुम्ही म्हणालात तसे पेनड्राइव्हमधले फोल्डर ‘गायब’ झाले नव्हते. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण फोल्डर समजून डबल क्लिक करतो आणि तोच पुन्हा चालू होतो. फोटो सगळे परत आले, ते तुमच्यासमोरच मोजले होते. रिव्ह्यूत ते राहून गेलं, असो.

आणि ‘मराठी माणूस’ म्हणालात ते लागलं. काम केलेला मुलगा बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलतो, पण तुमच्याशी तासभर मराठीतच बोलला. ट्रायल काढायचं तो विसरला. भाषा विसरला नव्हता.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुमच्यात विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोजची भोकं बुजवायची राहिली तर वर कितीही भारी अँटीव्हायरस घाला, ते अपुरंच पडतं. नोंदणी मी करून देतो, तोवर पुढं काय करायचं ते सावकाश ठरवू.

रविवार सोडून कधीही या, शनिवार खुटावरून चालत पाच मिनिटं. येताना घरातले सगळे पेनड्राइव्ह आणा, पण तोवर एकही लॅपटॉपला लावू नका.