सातव्या नंबरची गिटार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि तिच्यात मुद्दे आहेत, त्यामुळे ‘वाचल्याबद्दल आभार’ म्हणून तिची बोळवण करत नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बार्देशातल्या एका कारागिराने सुरुवातीच्या काळात हाताने बनवलेली, आतल्या लेबलवर पेनाने ‘७’ घातलेली, फणसाच्या पाठीची अकूस्टिक गिटार मी तिच्या पहिल्या मालकाकडून घेतली, त्यावर तो लेख होता. तुमचं म्हणणं असं: सातव्या नंबरची गिटार म्हणजे नवख्या हाताचा सराव. तेवढ्या पैशांत नावाजलेल्या कंपनीची नवी कोरी गिटार वॉरंटीसकट आली असती. फणसाचं लाकूड वीणेला ठीक, गिटारला नाही. गोव्याच्या पावसात सॉलिड (अखंड फळीचं) लाकूड तडकणारच, त्यापेक्षा लॅमिनेटची (थर चिकटवून केलेल्या फळीची) घ्यावी. आणि एकंदरीत मी ‘हॅण्डमेड’ला भुलले.

शेवटचं आधी घेते. हाताने बनवली म्हणून चांगली, असं मी मानत नाही. हाताने बनवलेल्या भिकार गिटारही मी वाजवल्या आहेत. एकीच्या फ्रेटच्या, म्हणजे सुरांच्या आडव्या धातूपट्ट्यांच्या, खाचाच चुकीच्या जागी होत्या, ती जन्मात सुरात लागली नसती. कंपनीचं मशीन दर वेळी खाच त्याच जागी पाडतं, आणि त्या बाबतीत मशीनशी वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणूनच मी ही गिटार नीट तपासून घेतली.

मडगावला त्या मालकाच्या घरी तारा सैल करून साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकातून, छोटा आरसा आणि टॉर्च आत घातला. ब्रेसेसच्या, म्हणजे आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्यांच्या, टोकांवर पटाशीचे घाव तसेच दिसत होते. एका ठिकाणी ओघळलेला गोंद पुसायचा राहून गेला होता आणि त्याचा पिवळट थेंब वाळून बसला होता. नवखेपणा म्हणाल तर हा. पण एकाही ब्रेसखाली पातळ पातं शिरेना. टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, बोटाने टकटक करत गेले, कुठे खडखड नाही. ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली, गेली नाही. सरळपट्टी फ्रेटांवर ठेवली तर तिचं टोक बरोबर ब्रिजच्या माथ्याला टेकलं, म्हणजे नेकचा (गिटारच्या मानेचा) कोन शाबूत. मग तारा चढवून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर पडताळला. दुसरी तार किंचित चढी निघाली, बाकीच्या जागेवर. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) थोडी घासून ते निस्तरता येतं, आणि तसं ते निस्तरलंही. नेक दोन बोल्टांवर बसवलेली आहे, तेव्हा पुढेमागे कोन बदलायची वेळ आली तर सांधा वाफेवर उकलायची गरज नाही. पॉलिशमध्ये अडकलेला धूळकण किंवा रोझेटची (साउंडहोलभोवतीच्या नक्षीची) वाकडी कड डोळ्याला खुपते, सुराला त्याचा त्रास नसतो. तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात घातलंत.

नवख्या कारागिराची खरी चूक वेगळीच असते आणि ती तुमच्या यादीत नाही. लाइट गेजच्या, म्हणजे बारीक, सहा तारा सुरात लावल्या की मिळून सुमारे ७० किलोंचा ताण येतो, आणि तो पेलायचा जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या फळीने. आपली गिटार बसेल या धास्तीने नवखा माणूस टॉपही जाड ठेवतो आणि ब्रेसेसही. गिटार टिकते, पण बोलायला जड होते. माझी थोडी तशीच आहे. कारागिराला विचारलं तर तो हसून म्हणाला, “आतां हांव अशें करिना.” (आता मी असं करत नाही.) त्याच्या हल्लीच्या गिटारचा टॉप पातळ असतो, बोट लागलं की बोलतो. नुसत्या बोटांनी हळू वाजवणाऱ्याने त्याची नवीच घ्यावी, सातवी त्याला बंद वाटेल.

पण मी वाजवते पिकने, आणि बहुतेक वेळा मांडो-दुलपदांच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी गाण्यांच्या, साथीला: मांडो संथ, दुलपद जलद. बाजूला घुमट (मातीचं तालवाद्य), व्हायोलिन आणि आठ-दहा खुले गळे. मांडोपर्यंत कुठलीही गिटार चालून जाते. दुलपदाने लय धरली आणि हात जोरात पडायला लागला की पातळ टॉपचा आवाज फाटतो. या गिटारचा फाटत नाही. नवखेपणातून आलेला जाडपणा माझ्या कामाला नेमका उपयोगी पडला. त्याची नवी गिटारही वाजवून पाहिली होती. तिच्याएवढे पैसे हातात असते तरी मी हीच उचलली असती.

आता फणस. आंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या आणि वर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा टॉप बसवला. आवाजात टॉपचा वाटा केवढा मोठा, ते त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीच्या लाकडाने काहीच फरक पडत नाही असं म्हणत नाही. पण माझ्या गिटारचाही टॉप स्प्रूसचाच आहे, आणि पाठ कसली यावरून तिला आधीच मोडीत काढणं घाईचं आहे. आज खानदानी मानलं जाणारं आपल्याकडचं शिसवी लाकूडसुद्धा अमेरिकेच्या मार्टिन गिटार कंपनीने १९६९ मध्ये जवळ केलं ते ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं म्हणून. फणस शिसवीहून हलका, रंगाने पिवळा आणि वर्षागणिक तांबूस होत जाणारा. दक्षिणेत वीणेला तोच लागतो, हे तुम्हीच लिहिलंत. वीणेच्या तारांचा ताण झेलणाऱ्या लाकडाला गिटारच्या पाठीचं ओझं होईल असं का वाटलं, कळलं नाही.

पावसाचा मुद्दा मात्र तुमचा सगळ्यांत मोठा, आणि त्यात अर्धं खरं आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांना टेकते, आणि सॉलिड लाकडाच्या गिटारला मानवते ४५ ते ५५. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं. टॉप रुंदीत पसरू बघतो, खाली आडव्या-तिरप्या चिकटवलेल्या ब्रेसेस त्याला पसरू देत नाहीत, मग तो वर फुगतो. ब्रिज उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात, वाजवताना बोटं दुखतात. हे सगळं होतं. पण तडा पावसात जात नाही, तो कोरड्यात जातो. दमट हवेत चिकटवलेली गिटार पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात नेली, किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत उघडी ठेवली, की लाकूड आक्रसतं. ब्रेसेस त्याला आक्रसू देत नाहीत, आणि फळी चिरते.

त्यामुळे गोव्यात बनलेली गिटार घेताना मी सर्वांत आधी विचारते ते ब्रेसेस कुठल्या महिन्यात चिकटवल्या, हे. या कारागिराकडे आता बंद खोली आहे, हवेतला ओलावा खेचणारा डीह्युमिडिफायर आहे, तो ४५-५० टक्के राखून बारमाही काम करतो. सुरुवातीला यातलं काही नव्हतं. तेव्हा पावसात तो फक्त नेक तासायचा आणि चिकटवायचं काम दिवाळीनंतर हवा सुकली की काढायचा. तरीही गोव्याची सुकी हवा ती कितीशी सुकी! म्हणजे सातवी गिटार कंपनीच्या गिटारपेक्षा जरा दमट हवेत बांधलेली आहे. ती फोंड्यात माझ्या घरी राहणार तोवर हे पथ्यावरच पडतं. उद्या पुण्याला बिऱ्हाड हलवलं तर तिला जपावं लागेल, हे मला ठाऊक आहे.

मी ती श्रावणात पाहिली आणि पैसे मोजले ते जानेवारीत परत पाहून. श्रावणात बाराव्या फ्रेटवर जाड तार ३ मिलिमीटरच्या वर गेली होती, जानेवारीत अडीचवर आली. इतकं हलणं चालायचंच. जानेवारीत टॉप साउंडहोलपाशी खाली बसलेला दिसला असता तर हात जोडून परत आले असते. विकणाऱ्यांना माझी ही टाळाटाळ वाटली. मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईक आलं नाही हे माझं नशीब.

सांभाळायचं म्हणाल तर बंद केस, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, जेल अधूनमधून तव्यावर परतायचं. पावसात कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपल्याकडे बारीक बल्ब लावून ठेवतात, त्या कपाटात मात्र गिटार ठेवू नका. बल्बच्या बाजूचं लाकूड सुकतं, दुसरीकडचं ओलं राहतं. आणि एवढा व्याप नको असेल, गिटार हॉलमध्ये भिंतीवर टांगूनच ठेवायची असेल, तर लॅमिनेटचीच घ्यावी, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

वॉरंटीचं कार्ड एकदा उलटून वाचा. आर्द्रतेमुळे झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या त्यात धरत नाहीत, आणि गोव्यात गिटारचं जे काही बिघडतं ते बहुतेक त्यामुळेच. मिरजेहून तंबोरा आणताना आपल्या घरांत कुणी वॉरंटी विचारली आहे का? भोपळा ठोकून, तारा छेडून, कानाला पटला तर घ्यायचा आणि जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बिघडली की कारागिराकडे न्यायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या किती आधीपासून हा व्यवहार तसाच चालत आलाय. मला ही गिटार बनवणारा माणूस तासाभराच्या अंतरावर आहे. सॅडल त्यानेच घासून दिली आणि आतला तो गोंदाचा थेंब पाहून कपाळाला हात लावला. तो काम सोडून दुसऱ्या धंद्याला लागला असता, किंवा दूर कुठे गेला असता, तर मी याच गिटारला निम्मे पैसे दिले असते. सुरुवातीच्या नंबरांची गिटार घेताना भाव याच्यावर ठरवावा असं माझं मत आहे.

पुढेमागे किंमत वाढेल का, या प्रश्नात मला रस नाही. नंबर ७ साठी मी एक रुपयाही जास्त मोजलेला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी मुलीचा उल्लेख आहे: ती कला अकादमीत शिकायला जाणार आहे, पुढे ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षा द्यायच्या आहेत, आणि माझा लेख वाचून तीही हॅण्डमेडचा हट्ट धरून बसली आहे. तिला सांगा, ही बाईच नको म्हणते. आधी शिक्षकांना विचारा नायलॉनच्या तारांची क्लासिकल हवी की स्टीलच्या तारांची, कारण दोन्हींची नेक वेगळी आणि हाताला लागणारं वळणही वेगळं. मग कंपनीची, लॅमिनेट पाठीची, तिच्या हाताच्या मापाची घ्या. दुकानातून आणल्या आणल्या सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सूर जुळवणं, करून घ्या. नव्या गिटारची ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) बऱ्याचदा उंच असते आणि मुलं त्यापायीच महिन्याभरात कंटाळतात. सेटअपचे पैसे गिटारच्या बजेटमधून आधीच बाजूला काढून ठेवा.