बॅटरीचा आकडा लेखी द्या ना!

गाडी इलेक्ट्रिक आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "आठ वर्षांनी बॅटरी गेली तर?" विचारणाऱ्याचं काहीच चुकत नाही. चीड येते ती याची की उत्तर गाडीतच असतं आणि मालकाला कुणी देत नाही! मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली, हा हिशोब बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी गाडीतली यंत्रणा, सतत ठेवते. सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप जोडून तो बघतात. मी दर सर्व्हिसिंगला तो कागदावर मागतो आणि दर वेळी तेच ऐकतो, "सर, बॅटरी ओके आहे." अहो, ओके म्हणजे ९६ टक्के की ८१?

वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. पण क्षमता घटल्याची तक्रार असेल, तर क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली घसरली तरच ही वॉरंटी कामाची. आकडाच हातात नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर? आणि उद्या गाडी विकायला काढली, तर घेणाऱ्याला दाखवू काय?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. उष्णतेनं लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य घटतं, हे उघड आहे. तिथल्या मालकाला तर हा आकडा कळायलाच हवा!

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनी ही माहिती पाहण्याचा हक्क खरेदीदाराला दिलाय. मीही पूर्ण पैसे मोजलेत. सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर एक ओळ छापायला असा किती खर्च येतो?