डिस्कचा दिवा पेटून राहिला म्हणून फॉरमॅट मारू नका

सांगलीतील व्यापाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक सल्ला वरचेवर फिरत असतो. जुना डेस्कटॉप काम करता करता हँग झाला आणि डिस्कचा दिवा अखंड पेटून राहिला, तर हार्ड डिस्क गेली असे समजावे. आधी ‘आर’ पर्यायासह चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवावा, मग डीफ्रॅग करावे, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणावेत, तरीही भागले नाही तर फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावी, असा त्याचा सारांश आहे. वर्षानुवर्षांचा टॅलीचा हिशेब एकाच डिस्कवर असलेली माणसे हा सल्ला जसाच्या तसा पाळतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

दिवा पेटून राहिला याचा अर्थ एवढाच की, संगणकाने डिस्ककडे काही मागितले आहे आणि त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. दोष डिस्कच्या तबकडीत असू शकतो, तसाच तो केबलमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्येही असू शकतो. येथे अंदाज बांधण्याचे कारण नाही, कारण डिस्क स्वतःच स्मार्ट नावाच्या नोंदी ठेवत असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामात त्या पाहता येतात. क्रमांक ५ आणि १९७ या नोंदी खराब किंवा संशयित सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरील माहितीच्या छोट्या कप्प्यांच्या, असतात. १९९ ही नोंद डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या माहितीची असते. पहिल्या दोन शून्यावर असून १९९ वाढत असेल, तर आधी केबलच तपासावी. हा प्रोग्राम मूळ आकडे हेक्स (सोळाच्या पायाच्या) पद्धतीने दाखवतो, तेव्हा मेनूतून दशमान पद्धत निवडावी. केबल बदलल्यावरही १९९ चा जुना आकडा पुसला जात नाही. तो लिहून ठेवावा आणि काही दिवसांनी वाढला का, एवढेच पाहावे.

मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानांत कॅबिनेट उघडले की पंख्याच्या पात्यांवर पिवळी पूड घट्ट बसलेली दिसते. ती ब्लोअरने उडवताना केबलला धक्का लागतो, आणि डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या पहिल्या पिढीतील साटा केबलींना धातूचा खटका नसल्याने त्या सहज सैल होतात. साफसफाईनंतर हँग होणे सुरू झाले असेल, तर खटक्याची नवी केबल लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

त्याच वेळी मल्टीमीटरने पॉवर सप्लायही मोजावा. संगणक चालू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मदरबोर्डवरील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे दंडगोल) माथ्याशी फुगलेले असतील, तर डिस्क बदलून काहीही साधणार नाही.

चेकडिस्कचा आग्रह मला सर्वांत घातक वाटतो. ‘आर’ पर्याय त्या विभागातील प्रत्येक सेक्टर वाचू पाहतो, आणि डिस्क खरोखरच शेवटच्या घटका मोजत असेल, तर हा ताण तिला झेपत नाही. शिवाय चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही, सुसंगत करते. फाइलींमधला मजकूर वाचवणे हे तिचे काम नाही. १९७ चा आकडा चढत असेल, तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या प्रोग्रामाने आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी, कारण ते नीट वाचता येणारा भाग प्रथम उचलते आणि अडणाऱ्या भागाकडे नंतर वळते.

डीफ्रॅगचा तर या दुखण्याशी संबंधच नाही, आणि आजारी डिस्कवर फाइलींची हलवाहलव जोखमीची असते.

फॉरमॅटनंतर संगणक सुधारला, असा अनुभव अनेक जण सांगतात, आणि तो खोटा नाही. आयडीई (साटापूर्वीच्या जुन्या जोडणीची) डिस्क असलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर टाइमआउटच्या (वेळेत उत्तर न आल्याच्या) किंवा केबलवरील चुकांची बेरीज सहावर गेली की विंडोज डीएमए या जलद, थेट मेमरीशी देवाणघेवाणीच्या पद्धतीचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवत शेवटी प्रोसेसरमार्फत चालणाऱ्या संथ पीआयओ पद्धतीवर येते, आणि संगणक गोठल्यासारखा वाटतो. नव्याने विंडोज टाकल्यावर ही मोजणी पुसली जाते, म्हणून वेग परततो. तेच काम डेटा न गमावता होते: डिव्हाइस मॅनेजरमधून त्या डिस्कचे आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. मात्र त्याआधी ८० तारांची, ४६ सेंटिमीटरहून लांब नसलेली नवी केबल लावावी. जुनी सदोष केबल तशीच ठेवली, तर चुका पुन्हा साचून डिस्क परत पीआयओवर जाईल.