मे महिन्याच्या लग्नात ओल्ड स्पाइस? थांबा राजेहो!

लग्नसराई लागली की कटलरीच्या दुकानात झाकण उघडायचं, सेंटची बाटली नाकाला लावायची अन् "द्या हेच" म्हणायचं. फसगत इथंच होते. बाटलीच्या तोंडाशी नाकात शिरतं ते अल्कोहोल आणि वरवरचा हलका वास, तो थोड्याच वेळात उडतो. मनगटावर दोन थेंब लावा, बाजार करून या, अर्ध्या तासानं हुंगा. उरलेला वास आवडला तरच पैसे काढा.

ओल्ड स्पाइस हे आफ्टरशेव्ह १९३८ पासूनचं, अमेरिकेतलं. लवंग, दालचिनी, जायफळ, खाली व्हॅनिलाचा गोडवा; म्हणजे जवळपास मसाल्याचा डबाच. जानेवारीच्या थंडीत झकास. पण ४५ अंशांत, मांडवाखाली, घामावर तोच गोडवा शेजारच्याला गुदमरवतो. १९६४ च्या ब्रूट या दुसऱ्या आफ्टरशेव्हमध्ये लव्हेंडर आणि जिरॅनियम, जुन्या सलूनची आठवण देणारा वास. पावसाळ्यात बरा वाटतो. दाढीनंतर तुरटी फिरवली असेल तर आधी तोंड धुऊन कोरडं करा, मग आफ्टरशेव्ह, तेही अर्धा चमचा पुरे. गाल जळला म्हणजे माल अस्सल, हा गैरसमज आहे. जळतं ते अल्कोहोल.

उन्हाळ्यात कोलोन घ्या. संत्र सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो, त्याच जातीचा वास. तो तासाभरात जातो, ही तक्रार खरी आहे. लिंबूवर्गीय तेलं उडतातच लवकर. म्हणून रुमालावर किंवा दुपट्ट्यावर टाका. गळ्यावर लावून उन्हात फिरू नका, त्यात बरगामोट या लिंबूवर्गीय फळाचं तेल असलं तर काळे डाग पडू शकतात.

माझं मत विचाराल तर नवतपात वाळ्याच्या अत्तराला तोड नाही. कुलरच्या ताटीवर पाणी पडल्यावर येतो तोच मातकट, गार वास. वाळ्याच्या मुळांचं तेल जड, सावकाश उडतं, म्हणून तपनीतही टिकतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपक्यात (तांब्याचा हंडा अन् त्याची वाफ गार करून धरणारं भांडं) पूर्वी चंदनाच्या तेलावर अत्तर उतरवत. आता स्वस्त मालात बहुतेक दुसरंच काही असतं. ग्लासभर पाण्यात एक थेंब सोडून पाहा. पाणी दुधाळ झालं तर पाण्यात विरघळणारं द्रावक मिसळलंय. थेंब तसाच तरंगला तरी लगेच शुद्ध समजू नका, पॅराफिन हे बिनवासाचं खनिज तेलही पाण्यात मिसळत नाही. ते ओळखायचं तर हाताला चोळा: वास गेला अन् नुसता तेलकटपणा उरला, तर समजून जा. पहिल्यांदा ३ मिलीचीच कुपी घ्या.

पांढऱ्या सदऱ्यावर अत्तर थेट लावलं की पिवळा डाग बसतो, सहसा निघत नाही. कापसाचा फाया कानाच्या पाळीत ठेवा. आणि बाटली टिनाखालच्या खिडकीत ठेवू नका; उन्हानं वास फाटतो, टर्पेंटाइनसारखा होतो. लोखंडी कपाटात, कपड्यांच्या खालच्या घडीत राहू द्या.