जोडी छान दिसते हो!

घरात माशांची टाकी आहे आणि तरीही रात्री शांत झोप लागते, अशी तुमची तक्रार असेल तर टाकीत टायगर बार्ब सोडा. मात्र रीतसर सोडा. ती रीत यंदा गणपतीत मुंबईहून आलेल्या माझ्या भाच्याने प्रात्यक्षिकासह शिकवली. मी आरतीत टाळ बडवत होतो, तेवढ्यात त्याने पिशवीची गाठ सोडून तीन पट्टेरी मासे माझ्या एंजलफिशच्या टाकीत ओतले. "मामा, तुमच्या टाकीला कलरच नव्हता."

आता आहे.

तर पहिलं म्हणजे कळप अजिबात घेऊ नका. सहा, आठ, दहा बार्ब एकत्र असले की ते दिवसभर एकमेकांच्याच मागे लागतात, आपसात कोण वरचढ ते ठरवत बसतात आणि बाकीच्यांकडे सहसा ढुंकून बघत नाहीत. असल्या गुण्यागोविंदाच्या टाकीत बघण्यासारखं काय असतं? दोन घ्या, फार तर तीन. म्हणजे आपसात खर्ची पडणारी सगळी मस्ती शेजाऱ्यांच्या वाट्याला येते. दुकानदारही "जोडी छान दिसते" म्हणतोच. जोडी लग्नात छान दिसते हो.

शेजारी निवडताना फक्त शेपूट आणि पर बघा. जितके लांब, झिरझिरीत आणि संथ हलणारे, तितकं उत्तम. फायटर, फॅन्सी गप्पी, मिशांसारखे दोरे लोंबणारा गुरामी आणि सर्वांत वर एंजल. बार्बला लोंबणारं काहीही दिसलं की तो तोडून बघतो.

गोल्डफिशही घाला. त्याला गार पाणी लागतं आणि बार्बला चोवीस-पंचवीस अंशांचं, पण तडजोड कोणाला चुकली आहे?

टाकी उंच आणि अरुंद घ्या, शोकेसमध्ये बसते. बार्बला पोहायला आडवी लांबी लागते म्हणे. लागू दे.

पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवणं, मग थोडं थोडं पाणी मिसळत जाणं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. सरळ ओता.

खाद्य म्हणून नैवेद्याचा चुरा टाका. (होय, टाकला. मोदकाचा. सारणासकट.)

आता मुख्य मंत्र. दुकानात "हे सगळे एकत्र राहतील ना?" असं विचारायचं आणि समोरून "राहतात हो, काय नाय करत" असं आलं की पैसे काढायचे. पुढे एक अक्षर विचारायचं नाही. आपण कोकणातली माणसं! बाजारात बांगडा घेताना कल्ले उघडून बघतो, डोळा बघतो, पोटावर बोट दाबतो, वर दहा रुपयांसाठी मावशीशी हुज्जत घालतो. तो मासा तर मेलेलाच असतो आणि तासाभरात कालवणात जाणार असतो. जो मासा पुढची पाच-सहा वर्षं आपल्या हॉलमध्ये जगायचा, त्याच्याबद्दल मात्र 'काय नाय करत' एवढं पुरतं? किती वाढतो, कळपात राहतो की एकटा, टाकी किती लिटरची हवी, ह्यातलं एक तरी विचारा. बार्ब सहा-सात सेंटीमीटरचा होतो, आणि त्याच्या कळपाला ऐंशी-शंभर लिटर पाणी तरी हवं. कोणाबरोबर ठेवावा हेही काही गुपित नाही. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब असे चपळ, आखूड पराचे मासे त्याच्याबरोबर मजेत राहतात. पण ते गरीब बिचारे दिसतात, 'कलर' नाही त्यांना! क्लाऊन लोचचं जमतं म्हणून कोणी एकुलता एक लोच गळ्यात मारतो. तोही कळपातला मासा, वर फूटभर वाढतो, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.

माझ्या एंजलला पोटाखाली दोन लांब पांढरे दोरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा अर्धा उरला होता, उजव्याचं खुंट. शेपटीची किनार उंदराने कुरतडलेल्या कागदासारखी झालेली. हीटरच्या मागे तिरका उभा होता तो, खायलाही पुढे येईना. आणि भाचा मोबाईलवर व्हिडिओ काढत म्हणाला, "मामा, ॲक्टिव्ह आहेत ना?"

अरे, ॲक्टिव्ह कसले! तीन मासे आहेत, कळप नाही, घाबरलेत आणि चावत सुटलेत. बार्ब वाईट नाही. सुमात्रा-बोर्निओकडचा मासा, झुंडीने राहणारा, त्याने अजून काय करायचं? दुसऱ्याच्या टाकीत न विचारता हात घालणारा वाईट. फोन होता ना तुझ्याकडे? अख्खा प्रवास रील्स बघत आलास, एक फोन करून विचारता आलं नाही?

आणि वर तोडगा काय सुचवला? "मग वहाळात सोडून देऊ या." खबरदार! टाकीतला कुठलाही मासा वहाळात, विहिरीत, नदीत सोडायचा नाही, मग तो टीचभर का असेना. काच साफ करतो म्हणून घेतलेला बोटभर सकर फूटभर झाला की लोक हेच करतात. देशातल्या कितीतरी नद्यांत, तळ्यांत तो माजलाय, अंडी घालायला काठ पोखरतो, आणि जाळ्यात आला तर काटे सोडवताना जाळं फाटतं ते कोळ्याचं, तुमचं नाही. नको झालेला मासा दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या. दोन्ही जमत नसेल तर आणूच नका.

ते तीन बार्ब मी वेगळ्या टाकीत काढलेत. अजून पाच आणायचेत, त्यांचे पैसे भाच्याने द्यायचे आहेत.