पोटॅशियम-४० ची साक्ष

नमस्कार. सणसणीत प्रतिक्रियेबद्दल आभार. "वजन वेगळं तर पदार्थ वेगळा. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ यांना एकच मूलद्रव्य म्हणणं ही पाठ्यपुस्तकांची सारवासारव आहे," असं तुमचं म्हणणं. मला ते पटलं नाही.

वजनच बघायचं तर आधी पोटॅशियमचं काय करायचं ते सांगा. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये साधारण ०.०१२ टक्के अणू पोटॅशियम-४० चे असतात: १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, मिळून ४०. हवेत जवळपास एक टक्का अरगॉन असतो, तोही बहुतेक सगळा अरगॉन-४०: १८ प्रोटॉन, २२ न्यूट्रॉन. वजन जवळजवळ सारखंच. पण एक पाण्यात पडताच पेट घेणारा धातू, तर दुसरा कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला वायू. तुमच्या हिशेबानं हे दोघे एकच की!

खरी गंमत पुढे आहे. पोटॅशियम-४० चं केंद्रक कधीकधी आपल्याच अणूतला इलेक्ट्रॉन आत ओढून घेतं आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. वजनात नावापुरता फरक पडतो, पण १९ चे १८ झाले आणि धातूचा वायू झाला. हवेतला अरगॉन मुख्यतः असाच आला आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, हे खडकात अडकून राहिलेल्या याच अरगॉनवरून काढलं गेलंय.

कारण सरळ आहे. रासायनिक वागणूक इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि ते किती हे केंद्रकाच्या धनप्रभारावर अवलंबून. न्यूट्रॉनला प्रभारच नाही, आणि क्लोरीनच्या दोन्ही प्रकारांत फरक आहे तो फक्त न्यूट्रॉनचा. १९१३ साली मोझले या भौतिकशास्त्रज्ञानं मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांच्या वारंवारतेवरून हा प्रभार ताडला, तेव्हा कुठे आवर्तसारणीत अरगॉन (अणुभार ३९.९५) पोटॅशियमच्या (३९.१०) आधी का बसतो याचा उलगडा झाला.

क्लोरीनच्या अणुभारावरून तुम्ही विचारता, "३५.५ मधला अर्धा न्यूट्रॉन कुठला?" कुठलाच नाही. चारातले साधारण तीन अणू ३५ चे, एक ३७ चा. ती सरासरी आहे.

तुमच्या बाजूचा खरा दमदार मुद्दा मात्र तुम्ही मांडलाच नाहीत: ड्यूटेरियम, म्हणजे एक न्यूट्रॉन जास्त असलेला हायड्रोजन. त्याचं जड पाणी ३.८ अंशांनाच गोठतं, कित्येक अभिक्रियाही मंदावतात. अलिबागजवळ थळच्या प्रकल्पात असल्याच फरकाच्या जोरावर ड्यूटेरियम वेगळं काढतात. पण तिथे एका न्यूट्रॉननं वजन दुप्पट होतं. क्लोरीनमध्ये दोन वाढूनही जेमतेम सहा टक्के. तेव्हा हायड्रोजनवरून भांडायचं असेल तर मी तयार आहे, क्लोरीनवरून नको.